सुट्टीवर आलेले परब

आमच्या सोसायटीच्या गेटवर पाहुण्यांची नोंद ठेवायची एक वही आहे. नाव, कोणाकडे, कशासाठी, आत येण्याची वेळ, बाहेर जाण्याची वेळ. या वहीत गेली चार वर्षं रोज सकाळी एक नोंद न चुकता होते. नाव : सदानंद परब. कोणाकडे : शैला परब, तिसरा मजला. कशासाठी : सुट्टी. बाहेर जाण्याची वेळ : कोरी.

हे सदानंद परब म्हणजे शैला परबांचे सख्खे नवरे. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट त्यांच्याच नावावर आहे. सकाळी दूध आणायला खाली उतरतात आणि पिशवी घेऊन परत येताना पाहुणे म्हणून सही करतात. नवीन वॉचमन लागला की पहिला आठवडा त्याची वाट लागते. मागे एकाने इंटरकॉमवरून विचारलं, मॅडम, कोणी परब आलेत, सोडू का? शैलाकाकू म्हणाल्या, "हातात दूध आहे का बघ. असेल तर सोड."

परब कणकवलीकडचे. सत्तावीस वर्षं बहारीनमध्ये एसी मेकॅनिक होते. बहारीनमध्ये आज जो काही गारवा आहे तो परबांनी बसवलेला आहे, असं त्यांचं म्हणणं. मी त्यात थोडी भर घालून सांगतो, की परब येण्याआधी तिथे कोंबड्या उकडलेलीच अंडी घालायच्या. चार वर्षांपूर्वी हा माणूस एक महिन्याच्या सुट्टीवर मुलुंडला आला. तो महिना अजून संपलेला नाही.

सोसायटीच्या कमिटीत या म्हटलं, तर परब म्हणणार, "मी सुट्टीर इलंय." गणपतीची वर्गणी गोळा करायला चला, तर सुट्टीर इलंय. लिफ्टच्या मीटिंगला दोन तास बसून, सगळ्यांची भांडणं मिटवून, शेवटी सही करायची वेळ आली की हा माणूस पेन खाली ठेवणार. सुट्टीवरच्या माणसाची सही चालत नाही. एसी मात्र सगळ्या बिल्डिंगचे दुरुस्त करून देणार. पैसे घेणार नाहीत, कारण सुट्टीवर असताना काम केलं तर कंपनी काय म्हणेल.

मनगटावरचं घड्याळ अजून बहारीनचं. आपल्यापेक्षा अडीच तास मागे. परब जेवतात बरोबर एक वाजता, म्हणजे आपल्या साडेतीनला. भांडुपला एका लग्नाचा मुहूर्त पावणेबाराचा होता. परब सवा दोनला हॉलवर पोचले, सगळे हात धुवत होते. मुठीत अक्षता होत्याच, त्या त्यांनी बासुंदीच्या पातेल्यावर टाकल्या आणि समाधानाने पान वाढून घेतलं.

आणि ती निळी बॅग. पलंगाखाली चार वर्षं भरलेली. विमानाचा टॅग अजून हँडलला लोंबतोय. परब रोज सकाळी बॅग ओढतात, शर्ट काढतात, चेन लावतात, बॅग आत ढकलतात. धुतलेले कपडे परत बॅगेत. शेजारच्या खोलीत चांगलं तीन दारांचं लाकडी कपाट आहे, पण पाहुण्याने यजमानाचं कपाट उघडायचं नसतं.

शैलाकाकूंचीही यात थोडी साथ आहेच. लग्नाला तीस वर्षं झाली, पण परब दर दोन वर्षांनी एक महिना यायचे. या सुट्टीआधीच्या सगळ्या सुट्ट्या एकापुढे एक ठेवल्या, तर संसार भरत होता तेरा महिन्यांचा. एवढ्यात तर लोकांची नवीन चप्पलसुद्धा पायाला बसत नाही. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन नाशिकला गेली, तरी काकू त्यांना 'पाहुणे'च म्हणतात. पाहुणे उठले का. पाहुण्यांना विचारा, चहा घेणार का. यावेळी पहिला महिना सुरमई झाली, दुसऱ्या महिन्यात बांगडा आला. तिसऱ्या महिन्यापासून दुधी. परबांनी एकदा विचारलं, की सुरमई खंय गेली. काकू म्हणाल्या, "ती सुट्टी संपवून गेली कामावर."

आता मी यात कुठे, ते सांगतो.

मी गायकवाड. खालच्या मजल्यावर राहतो, गाव लातूरकडचं, नोकरी अंधेरीला एमआयडीसीत. एकोणीस वर्षं मी त्या कंपनीत उशिरा जातो आहे आणि एकही कारण दोनदा दिलेलं नाही. पवईच्या तलावातली मगर रस्त्यावर येऊन बसली, म्हणून एकदा मला तासभर उशीर झाला होता. साहेबांनी विश्वास तर ठेवलाच, वर दुसऱ्या दिवशी मगरीची चौकशी केली. मी सांगितलं, की तिला डिवायडर ओलांडता येत नव्हता, मी हात धरला. साहेब हळहळले.

ही कीर्ती तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचली असावी. कारण परबांचा महिना उलटला त्याच आठवड्यात, गुरुवारी संध्याकाळी, ते माझ्या दारात उभे. हातात भाकरीएवढ्या जाड पाच रोट्या, एकेक स्कूटरच्या चाकाएवढी. त्या माझ्या हातात देऊन म्हणाले, "रे गायकवाडा, माका एक कारण व्हया."

मी विचारलं, कशासाठी. तर म्हणाले, सुट्टी वाढवूक.

मला वाटलं कंपनीला कळवायचं असेल. पण कंपनीने यांना केव्हाच निरोप देऊन, सगळा हिशेब हातात ठेवून मोकळं केलं होतं. परबांची नोकरी बहारीन सोडतानाच संपलेली. कारण हवं होतं ते बशीरसाठी.

बशीर हा परबांचा खोलीतला सोबती. पाकिस्तानातला, सियालकोटच्या बाजूचा, कामाने वेल्डर. कंपनीच्या कॅम्पात एका खोलीत तीन खाटा होत्या. खिडकीखालची परबांची, तिला लागून बशीरची, दाराजवळची कुट्टी नावाच्या केरळच्या माणसाची. एकोणीस वर्षं परब आणि बशीर दीड हात अंतरावर झोपले. शैलाकाकूंच्या वाट्याला तेरा महिने, बशीरच्या वाट्याला एकोणीस वर्षं. बशीरचा एक गावाकडून आणलेला लोखंडी तवा होता. त्या तव्यावर त्याने या भात खाणाऱ्या माणसाला रोट्या लाटायला शिकवलं, म्हणून त्या स्कूटरच्या चाकाएवढ्या. बशीर सुट्टीवर गेला तरी तवा कधी घेऊन गेला नाही. परबांना सांगून जायचा, की दर जुम्म्याला तेल लाव.

तर हा बशीर दर शुक्रवारी, तिकडे सुट्टीचा दिवस म्हणून, आपल्या साडेअकराला व्हिडिओ कॉल करायचा आणि पहिला प्रश्न विचारायचा, की परब, कब आ रहा है. आणि परबांना सांगावं लागायचं, की सुट्टी का वाढली.

असा मी परबांच्या सुट्टीचा कारणपुरवठादार झालो. मोबदला पाच रोट्या. शुक्रवारी माझं घरून काम असतं, म्हणजे लॅपटॉप उघडा ठेवून मी तिसऱ्या मजल्यावर. फोन मीच धरायचो. त्याआधी परब स्वतः धरत, तेव्हा बशीरला मुलुंडमधला फक्त छताचा पंखा आणि परबांची डावी नाकपुडी दिसत असे.

सुरुवात मी गुडघ्यापासून केली. मग दुसरा गुडघा. मग शैलाकाकूंचा मोतीबिंदू, जो काकूंनी बाजूला उभं राहून, सुईत दोरा ओवता ओवता ऐकला. मग कणकवलीच्या फणसाच्या झाडावरून कोर्टकचेरी. ही केस मी सहा महिने चालवली. फणस पिकले, पडले, सडले, तारीख पडत राहिली. बशीर प्रत्येक वेळी मान हलवायचा, काळजीने विचारपूस करायचा आणि शेवटी म्हणायचा, कोई बात नहीं, तेरी खाट है.

आणि खाट खरोखरच होती. फोनमध्ये मागे दिसायची. गादी पसरलेली, वर निळ्या चौकड्यांची चादर.

मग एका पावसाळ्यात मी परबांच्या अण्णाकाकांना मारलं. सुंदर मरण दिलं, देवाचं नाव घेता घेता. तेराव्याच्या निमित्ताने दोन महिने सुटले. बशीरने डोळे मिटून दुवा मागितली. पण हाताखालून चार वर्षांत इतकी कारणं गेली की आठ महिन्यांनी मी विसरलो आणि अण्णाकाकांना पुन्हा मारलं. हे परबांच्याही लक्षात आलं नाही, कारण ते रडण्यात गुंतले होते. बशीरने पुन्हा डोळे मिटून तेवढीच लांब दुवा मागितली. एकोणीस वर्षांत एकही कारण दोनदा न देणाऱ्या माझ्या हातून हे झालं. तिसऱ्यांदा तर फोन वाजला तरी काहीच सुचेना आणि तोंडातून अण्णाकाकाच निघाले.

माणूस मेल्याची खोटी बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं म्हणतात, ते खरं आहे. खरे अण्णाकाका कणकवलीला अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. पहिल्या मरणानंतर त्यांची काठी सुटली, दुसऱ्यानंतर खोकला गेला. तिसऱ्यानंतर ते माडावर चढताना दिसले म्हणतात. मी पाहिलेलं नाही, पण मी म्हणतो म्हणजे तसंच असेल.

त्या तिसऱ्या मरणानंतर मात्र मी परबांना गच्चीवर गाठलं. म्हटलं, चार वर्षं झाली, एकदाचं सांगून टाका त्याला, की परत येणार नाही. तो काय खाणार आहे का तुम्हाला?

परबांनी आधी टाकीचा ठिबकणारा पाइप हाताने आवळला. मग त्यांनी मला त्यांच्या कॅम्पातली रीत सांगितली. कोणी कायमचा घरी निघाला, की तो खोलीत असतानाच त्याची गादी गुंडाळायची. तो गेल्यावर गुंडाळली तर मेल्यासारखं होतं, म्हणून त्याच्या डोळ्यांदेखत. आणि गुंडाळायची कोणी, तर शेजारच्या खाटेवाल्याने. सुतळीने बांधायची, दाराबाहेर ठेवायची, मग सगळ्यांनी मिळून जेवायचं. परबांनी अशा पंचवीस-तीस गाद्या गुंडाळलेल्या पाहिल्या होत्या. सुट्टीवर जाणाऱ्याची गादी मात्र तशीच पसरलेली राहते.

कुट्टीला त्यांनी खरं सांगितलं होतं, दुसऱ्याच महिन्यात. कुट्टी पुढे केरळला परत आला, एकदा मुलुंडला येऊन शैलाकाकूंच्या हातची सोलकढी पिऊनही गेला.

"कुट्टीक मी कधीय भेटान," परब म्हणाले. "गाडयेत बसलंय तर परवा केरळात. बशीराकडे जाणारी गाडी दाखव माका."

मी कारणं पुरवणारा माणूस, गाड्या माझ्याकडे नव्हत्या.

"त्याच्या हातान माझी गादी गुंडाळलेली माका बघवली नसती रे," परब म्हणाले. "म्हणान सांगितलंय, सुट्टीर जातंय. एक महिनो." आणि मग खाली जाऊन, पाहुण्यांच्या वहीत सही करून, वर आले. गच्चीवरून तिसऱ्या मजल्यावर जायला गेट लागत नाही, पण सवय ती सवय.

हे झाल्यावर मी नव्या जोमाने कामाला लागलो. पुढच्या शुक्रवारसाठी माझ्याकडे कणकवलीच्या विहिरीत पडलेली म्हैस तयार होती. म्हैस अशी होती, की तिला बाहेर काढायलाच वर्ष गेलं असतं.

साडेअकराला फोन वाजला. मी धरला. परबांनी घसा साफ केला, म्हशीचा पहिला शब्द तोंडातून निघणार, एवढ्यात बशीरच बोलला.

"परब, सुन. मैं छुट्टी जा रहा हूं. एक महीना."

परबांचं तोंड उघडंच राहिलं. मी फोन थोडा जवळ नेला. बशीरच्या मागे खोली दिसत होती. त्याच्या डोक्यावर भिंतीवर नेहमी एक कॅलेंडर आणि नातवांचे फोटो असायचे, तिथे आता फक्त खिळे होते. खाली पुठ्ठ्याचा खोका, अर्धा भरलेला. आणि खोक्याच्या तोंडातून कोपरा वर काढून बसलेला, काळा, लोखंडी तवा.

मी परबांकडे पाहिलं. परबांनी तो माझ्याआधीच पाहिला होता.

शैलाकाकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या हातातला दुधी तसाच राहिला.

माझ्या जिभेवर शंभर वाक्यं आली. पण इथे माझं काम नव्हतं. परबांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला आणि मेकॅनिकच्या आवाजात म्हणाले, "बशीर, तवे को तेल लगा पहले. फिर कागज. महीनाभर पडा रहेगा तो जंग लगेगा."

बशीरने तव्याकडे पाहिलं. मग फोनकडे.

"हां," तो म्हणाला. "महीनाभर की ही तो बात है."

मग त्याने तिथेच बसून तव्याला तेल चोळलं. परब सांगत होते, कडेला लाव, हँडलच्या सांध्यात लाव, बोटाने नको, फडक्याने. एकोणीस वर्षं दर जुम्म्याला तेल लावलेल्या तव्याला कसं तेल लावायचं, ते बशीर निमूट ऐकत होता. तवा खोक्यात गेला. दोरी आली. परबांनी दोरी कशी घ्यायची तेही सांगितलं, आधी आडवी मग उभी, आणि गाठ सैल ठेव म्हणाले. सुट्टीच्या खोक्याची गाठ सैल ठेवायची असते, लगेच सोडावी लागते. बशीरने गाठ सैल मारली. इतकी सैल, की तो खोका विमानापर्यंत तरी पोचला की नाही कोण जाणे.

मग त्याने फोन उचलून खोलीभर फिरवला. खिडकीखाली परबांची खाट, गादी पसरलेली, निळ्या चौकड्यांची चादर. शेजारी त्याची खाट, तिच्यावरही गादी पसरलेली, धुतलेली चादर. दोन्ही उशा नीट ठेवलेल्या. बशीर म्हणाला, कंपनीच्या माणसाला सांगून ठेवलंय, दोघं सुट्टीवर आहेत, हात लावू नको.

दोघांपैकी कोणीच फोन बंद करेना. माझा हात भरून आला, मी तो दुसऱ्या हाताने धरला. शेवटी बशीरच हसला. पुढचे दोन दात नव्हते त्याचे, चार वर्षांत कधी गेले कोण जाणे.

"और अपने चाचा को मेरा सलाम बोलना," तो म्हणाला. "बेचारा मेरे वास्ते तीन बार मरा है."

परब आधी दचकले. मग जे हसायला लागले, ते थांबेचनात. तिकडे बशीर हसतोय, इकडे हे हसतायत, दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि मी मध्ये फोन धरून लाजेने मेल्यासारखा उभा. चार वर्षं मला वाटत होतं, की मी त्या साध्याभोळ्या माणसाला फसवतोय. त्याने माझ्या गुडघ्यांची, फणसांची आणि मोतीबिंदूची एकेक नोंद ठेवली होती. आणि माझ्या सगळ्या कारणांवर वरताण असं एकच, अगदी साधं कारण देऊन तो मोकळा झाला होता.

फोन कोणी बंद केला मला माहीत नाही. पंखा फिरत होता. परबांनी चष्मा काढून ठेवला आणि काही वेळाने पलंगाखालची निळी बॅग ओढली. मला वाटलं शर्ट बदलणार. पण त्यांनी आधी हँडलचा टॅग तोडला, मग बॅग पूर्ण उघडली आणि पलंगावर उलटी केली. चार वर्षांचे सगळे शर्ट, लेंगे, एक स्वेटर, ज्याचा मुलुंडला काय उपयोग ते परबांनाच ठाऊक.

"शैला," ते म्हणाले. "कपाटात एक कप्पो मिळात काय? लहान चलात."

काकूंनी दुधी टेबलावर ठेवला, हात पदराला पुसले आणि जाऊन मधलं दार उघडलं. आत एक अख्खा कप्पा रिकामा होता. खाली अंथरलेला कागद इतका जुना, की पिवळा पडून कडांना कुरकुरीत झालेला.

"लग्नापासून ठेवलाय," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, पाहुणे मागतील तेव्हा देऊ."

मी लॅपटॉपचं कारण सांगून खाली आलो. ते खरं होतं, म्हणून कोणाचा विश्वास बसला नाही.

त्या रविवारी त्यांच्याकडे सुरमई झाली. मलाही बोलावलं होतं. परब दीडला जेवले, आपल्या दीडला. पाहुण्यांच्या वहीत मात्र अजून सही करतात. वॉचमनने विचारलं तर सांगतात, वही भरायची राहिली आहे, अर्धी टाकून कसं चालेल.

आणि शुक्रवारचा फोन येतोच. आता तो सियालकोटच्या बाजूच्या कुठल्याशा गावातून येतो. मागे अंगण, एक खाट, एक शेळी, आणि चुलीवर तोच तवा. आता परब विचारतात, की बशीर, छुट्टी कब खत्म, कब जा रहा है. आणि बशीर कारण सांगतो. माझा धंदा बसला. रोट्या बंद झाल्या.

परवा बशीर फोनवर आला तो खूप गंभीर चेहरा करून. मान खाली घालून म्हणाला, सुट्टी वाढवावी लागतेय, काय करणार, चाचा गुजर गए.

परबांनी हात जोडले, डोळे मिटले. आम्हीही मिटले. मग परबांनी एक डोळा उघडला.

"पहली बार मरा है ना?" ते म्हणाले. "फिर घबराने का नहीं."